दाजींचा तेलुगू कुत्रा

मुक्या जनावरांच्या मातृभाषेचा आमच्या दाजींइतका मान राखणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो दाजींचाच कुणी चुलतभाऊ निघेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शहागडला हायवेला लागून त्यांचं शेत. वाडवडील मेंढ्या घेऊन गोदाकाठ पालथा घालणारे. पण ते सगळ्या मेंढ्यांशी एकाच भाषेत बोलत, ही दाजींच्या मते घराण्याची मोठी चूक. "जनावर ज्या घरात वाढलं, त्या घरची बोली त्याच्या कानात बसती," असं ते म्हणत. जालन्याच्या बाजारात एका चाचांकडून घेतलेल्या शेळीला ते 'बेगम' म्हणत आणि "आप पानी पी लेव, जल्दी न्हाई" अशी तिची विनवणी करत. "शेळीला आप म्हणून राह्यले, अन् मला 'ए' करून हाका मारतेत," ही अक्काची जुनी तक्रार. पुढे जाफराबादी म्हैस आली, तेव्हा दाजी एका कापड दुकानदाराकडून थोडी गुजराती शिकून आले आणि रोज धार काढण्याआधी तिला "केम छो" विचारू लागले. अक्का म्हणाली, "अहो, जाफ्राबाद तर आपल्याच जिल्ह्यात हाय!" दाजी फार अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी सकाळी गुजराती आणि संध्याकाळी मराठी, असा तोडगा काढला. म्हैस दोन्ही वेळा सारखंच दूध देई.

तिनु आला तो मात्र खरा परदेशी. हायवेवरच्या चहाच्या टपरीजवळ थांबलेल्या कुठल्याशा ट्रकमधून तो उतरला आणि ट्रक त्याला न घेताच निघून गेला. तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला. रस्त्याकडे तोंड करून बसून राहायचा. भाकरी टाकली तर हुंगायचा नाही, "यू यू" केलं तर बघायचा नाही. दाजींनी निदान केलं, "त्याला मराठी येत न्हाई." मग ते टपरीवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला गाठू लागले. पंजाबी झालं, कानडी झालं, कुत्रा ढिम्म. एक दिवस एका ड्रायव्हरनं त्याच्यासमोर उकिडवं बसून "तिनु, तिनु" म्हटलं आणि बिस्कीट पुढे केलं. कुत्र्यानं शेपटी हलवून ते खाल्लं. तिनु म्हणजे तेलुगूत 'खा'. दाजी घरी आले ते लग्न जमवून आल्यासारखे. कुत्र्याचं नावच त्यांनी तिनु ठेवलं. त्यामुळे हाक मारली की ते जेवणाचं आमंत्रण व्हायचं, आणि बोलावून उपाशी पाठवणं दाजींच्या स्वभावात नव्हतं; भाकरी घालायची मात्र अक्का. चार महिन्यांत तिनुला टपरीपर्यंत चालताना धाप लागू लागली.

मी एकदा म्हणालो, "दाजी, कुत्र्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो."

"मंग पाव्हणं, बदनापूरच्या हापिसात तुमच्या साहेबाला काय कळतं?"



गेल्या भाऊबीजेला मी शहागडलाच होतो. दुपारी टपरीवर दाजींबरोबर चहा घेत होतो, तेव्हा एक ट्रक थांबला. काटकुळा ड्रायव्हर उतरला, तिनुला पाहून जागीच खिळला आणि ओरडला, "रा! रा!" तिनुनं जी धाव घेतली! त्या माणसाला चाटलं, त्याच्याभोवती गरगर फिरला, लहान मुलासारखा रडला. "मेरा है साब," ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला. "हर ढाबे पे ढूंढा." मग केबिनचं दार उघडून त्यानं पुन्हा हाक दिली, "रा!"

दाजींचा चेहरा उतरला. त्यांच्याही तोंडून निघालं, "रा रे बाबा, रा."

तेलुगूत रा म्हणजे ये. आमच्याकडे रा म्हणजे इथंच राहा. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि मधे रस्त्याच्या कडेला तिनु. त्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. दाजी त्याच्याजवळ गेले. दुमडलेला कान त्यांनी हलकेच सरळ केला. ड्रायव्हर लोकांकडून शिकलेला, पण कधीच न वापरलेला एक शब्द त्यांना येत होता. "पो," ते म्हणाले. जा. "पो, तिनु."

तिनु गेला. दाजी त्या दिवशी म्हशीशीही बोलले नाहीत.

संक्रांतीला मी पुन्हा गेलो, तेव्हा तोच ट्रक थेट दाजींच्या बांधाशी येऊन उभा राहिला. तिनु उडी मारून अक्काच्या पायात घुसला. तो चांगलाच वाळला होता. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "अम्मा, ये बराबर खाता नहीं. मैं 'तिनु तिनु' बोलता, ये मुंह फिराता. आप खाना देते टाइम क्या बोलते थे?"

अक्का लाजून लाल झाली. पदर तोंडाला लावून ती दाजींकडे पाहू लागली.

"सांग की," दाजी म्हणाले. "लेकरू उपाशी हाय."

"ऊठ मुडद्या, गिळ," अक्का कशीबशी म्हणाली.

ड्रायव्हरनं मंत्र घ्यावा तशा भक्तिभावानं ते दोनदा घोकलं. मग भाकरीचा तुकडा तिनुसमोर ठेवून मऊ तेलुगू सुरात म्हणाला, "ऊट मुडद्या, गिळ." तिनु उठला आणि खाऊ लागला. आम्ही पोट धरून हसलो. दाजी मात्र बायकोकडे नव्यानं ओळख झाल्यासारखे पाहत राहिले.

निघताना अक्कानं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. ट्रक सुरू झाला, तिनुचं तोंड खिडकीत दिसलं, आणि अक्का एकदम दोन पावलं पुढे धावली.

"अहो, तिनुला सांगा ना, घाई करू नको म्हणावं. हळू हळू खा म्हणावं."

दाजींनी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. 'हळू'ला तेलुगूत काय म्हणतात, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.