देवळाच्या पायरीवरचा माठ

नगरहून शेवगावची मोटार सुटली तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं: आत्याकडचा उत्तम शुक्रवारही (गुड फ्रायडे) कोरडा गेला, तर पुण्याला परतल्यावर चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग सोडून द्यायचा. पावसाळ्यात माझा मुलगा रतन तापाने गेला. शेवटी पाणी पाणी करत होता आणि घोट घशाखाली उतरत नव्हता. त्याचा पितळी पेला मी कपाटात कुलूपबंद केला. तेव्हापासून गुडघे टेकते, पण तोंडून शब्द फुटत नाही. मुलांना प्रार्थना कोणत्या तोंडाने शिकवू?

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर धावत होती. धावत होती हे आपलं म्हणायचं. करंजीच्या घाटात तिने मान टाकली.

"बाई, तांब्यात पानी हाय का? विंजन लई तापलंय," ड्रायव्हर म्हणाला. माझा फिरकीचा तांब्या त्या इंजिनाने एका दमात रिकामा केला.

शेवगावच्या अलीकडे फाट्यावर उतरून पायी निघाले. ऊन मी मी म्हणत होतं. गावच्या विहिरीवर एका बाईकडे पाणी मागितलं. मी ओंजळ पुढे केली, तिने पोहरा कलता केला.

"कुनाकडं जायचं?"

"ख्रिस्तीवाड्यात. आत्याकडे."

पोहरा सरळ झाला. "म्होरं मिळंल पानी," म्हणून तिने तोंड फिरवलं. रागही आला, रडूही आलं. तशीच चालू लागले.

वाड्यात सामसूम होती. देवळाच्या (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) पायरीवर झाकलेला माठ दिसला. मी विचारायलाही थांबले नाही. दोन तांबे घटाघटा प्याले, तोंड पुसलं, आणि दारात उभी आत्या दिसली. तेव्हा कुठे आठवलं: आज तीनची उपासना होईपर्यंत इथे कुणी पाण्याला शिवत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, चुकले मी."

आत्याचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "चुकतीस कशाची? प्रभूला क्रुसाच्या खांबावर तान लागली तवा लोकांनी आंब (शिरका) दिली. म्हनून आमी तान्हेलं ऱ्हातो, पन दारात पानी ठेवतो. कुनी आलं तर त्याला आंब मिळू नये. इतकी वर्सं कुनीबी आलं न्हाई गं. दरसाली लिंबाच्या बुडाला वततो."

मला राहवलं नाही. "रतन पाण्यावाचून तळमळत गेला, आत्या. मला प्रार्थना येत नाही आता."

तिने मला जवळ घेतलं. "त्या तानंची प्रभूला म्हाईती हाय, शांते. खांबावर त्यानं तरी कुठं लांबड लावली? तान लागली, यवढंच बोलला. तूबी यवढंच म्हन."

तीनची घंटा झाली. सगळ्यांच्या मागे गुडघे टेकून मी तेवढंच म्हणाले. मग पोटभर रडले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं. उपासनेनंतर सगळे पाणी प्याले, मग सगळ्यांनी ताकातल्या कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) खाल्ल्या. मी तीनदा वाढून घेतल्या.

ईस्टर करून परतले. रतन का गेला, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण शेवटच्या तहानेत तो एकटा नव्हता, एवढं कळलं, आणि मला ते पुरलं. घरी येताच कपाट उघडलं, पेला चिंचेने लखलखीत घासला. रविवारी वर्गातल्या मुलांनी पाणी मागितलं, तेव्हा त्यातूनच दिलं.