पाळण्यातला वरवंटा

कडोलीच्या अंबुबाईच्या पाळण्यात वरवंटा झोपतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि येता-जाता कुणाचा ना कुणाचा धक्का लागतोच. म्हणून म्हातारीने त्यात वरवंटा निजवून ठेवलेला. त्यालाही या कामाची सवय होती. बारशाला बाळाच्या आधी टोपडं घालून त्यालाच पाळण्यात घालतात. एरवी घटकाभराचं काम, या खेपेला मात्र चार वर्षं लांबलं. तोवर सून मिक्सरमध्ये चटणी फिरवत होती आणि मुलगा भावकू ती तोंड वाकडं करून खात होता.

पाळणा सागवानी, पितळी कड्यांचा, अंबुबाईच्या सासऱ्याने करवून घेतलेला. पण तो एका घरात कधी टिकलाच नाही. गल्लीत कुठेही बारसं निघालं की पाळणा तिकडे जायचा आणि परत येताना त्यात खण-नारळ यायचा. एकेका वर्षी तर एकाच महिन्यात दोन बाळंतिणी, आणि पाळणा आधी कुणाचा यावरून दोन घरांत रुसवेफुगवे. अंबुबाईने त्यात निजून उठलेली चाळीसेक पोरं पाहिली होती. आता गल्लीतली बरीच तरुण मंडळी शहरात गेलेली, आणि ज्याचं त्याचं एकावर भागत होतं, फार तर दोनांवर. पाळण्यात शेवटी निजली ती ओवी, अंबुबाईच्या नातीची, तेजस्वीची लेक. ती आता पाच वर्षांची झाली होती.

अंबुबाईला पंचाहत्तरावं लागलेलं. डोळे मिटायच्या आत पाळणा एकदा भरलेला बघायचा, एवढी एकच हौस उरली होती आणि ती तिने तेजस्वीच्या गळ्यात बांधली होती. तेजस्वी बेळगावात, टिळकवाडीत राहायची. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनियर होती आणि दोनच महिन्यांपूर्वी तिच्या हाताखाली अख्खा विभाग आला होता. तिला दर रविवारी सकाळी आजीचा फोन ठरलेला.

"तेजू, पाळणा वाट बघायलाय गं."

"आज्जी, मला एक पुरे आहे."

"एकाचं काय खरं असतंय?"

मग तेजस्वी कधी हसून विषय बदलायची, कधी फोन नवऱ्याच्या हातात द्यायची. आजेसासूपुढे युवराजच्या तोंडून "होय आज्जी"पलीकडे शब्द फुटत नसे.

फोनने काही होत नाही असं दिसल्यावर म्हातारीने एका रविवारी गल्लीतल्या रवळूचा टेम्पो थांबवला. तो रताळ्यांची पोती घेऊन बेळगावच्या मार्केटला निघाला होता. पोत्यांवर पाळणा चढला. वरवंट्याला टोपडं घालून अंबुबाईने तो मांडीवर घेतला आणि ती रवळूशेजारी बसली.

भावकू धावत आला. "आई, तेजूला विचारलीस काय?"

"त्यात काय विचारायचं? पाळणा म्होरं गेला की बाळ मागनं येतंय."

टिळकवाडीत रवळू पाळणा डोक्यावर घेऊन तीन मजले चढला. मागून अंबुबाई, खांद्यावर टोपड्यातला वरवंटा. जिन्यात लतिकाबाई भेटल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, शेजारच्याच फ्लॅटमधल्या. आता माहेरचा पाळणा लेकीच्या दारात येतो त्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. लतिकाबाईंना कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. त्यांनी फोन काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर बातमी टाकली.

तेजस्वी तेव्हा ओवीला घेऊन चित्रकलेच्या क्लासला गेली होती. घरी एकटा युवराज. म्हातारीने फर्मावलं तसं त्याने हॉलमधला वेताचा झुला काढून त्या हुकाला पाळणा टांगला. तेवढ्यात खालचे शेजारी येऊन त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करून गेले. युवराजच्या मनात आलं: बायकोने आजीला आधी सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी! जरा रुसला, पण मग आनंदच इतका झाला की स्कूटर काढून तो सगळ्यांचं तोंड गोड करायला कुंदा आणायला गेला.

तासाभराने तेजस्वी परतली तेव्हा हॉलमध्ये पाच बायका ओटीचं ताट घेऊन बसलेल्या. कुणी चिंचा आणल्या होत्या, कुणी आवळे. युवराज कुंद्याचा पुडा उघडून उभा. आणि त्याच्या फोनवर नंदगडहून सासूबाई आनंदाने रडत होत्या.

"कुणाला काय झालंय?" तेजस्वी म्हणाली.

सगळा उलगडा व्हायला पाव तास लागला. सासूबाईंचं रडणं तेवढं चालूच राहिलं, फक्त कारण बदललं. बायका खजील झाल्या, पण कुंदा खाऊन गेल्या. लतिकाबाईंना आपल्या हातून काय झालंय ते कळलं होतं, म्हणून त्या मागे थांबल्या.

तेजस्वी आजीसमोर उभी राहिली. "त्या ग्रुपवर आमच्या कारखान्यातले तिघं आहेत, आज्जी. उद्या सगळे विचारतील, रजा कधीपासून घेणार. आत्ता कुठं माझं नीट बसत होतं गं."

अंबुबाईचा चेहरा उतरला. तिने वरवंटा मांडीवर ओढून घेतला.

लतिकाबाईंनी मध्ये तोंड घातलं. "अंबुबाई, जगभर हेच चाललंय. माझी लेक अदिती डेन्मार्कला असते. मूल झालं की तिथं वर्षभराची सुट्टी असते, पाळणाघराचा बराच खर्च सरकार उचलतं. तरी दोन बायकांत मिळून तीन पोरं. आणि आफ्रिकेतल्या काही गरीब देशांत एकेकीला सहा."

"पैका असून पोरं नकोत?" अंबुबाईला हे काही पटेना. "आमच्याजवळ कायबी न्हवतं, तरी सात झाली."

"तुमची सात कशी झाली, ते सांगा बघू."

म्हातारीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिला आठ महिन्यांचा होऊन तापाने गेला. दुसरी गोवरात. तिसरी राहिली. चौथा जन्मला त्याच दिवशी गेला. पाचवी राहिली. सहावा भावकू. सातव्याने डोळेच उघडले नाहीत.

"ऱ्हाणार किती, जाणार किती, कुणाला ठावं असायचं? म्हणून होऊ दे, होऊ दे म्हणत गेलो. जगली ती सात वर्षांची झाली की रताळ्याच्या रानात. म्हातारपणी तीच बघणार. आम्हास्नी काय पेन्शन हाय?"

तेजस्वी हळूच तिच्याजवळ जमिनीवर बसली. "ओवी झाली तेव्हा ती राहील की नाही, हे माझ्या मनातच आलं नाही, आज्जी. आणि सात वर्षांची झाली की ती रानात कुठली जातेय? मलाच कामाला लावेल. शाळा, क्लास, डबे." मग तिने आजीकडे पाहिलं. "तुला किती हवी होती गं?"

अंबुबाई तिच्याकडे बघतच राहिली. नवऱ्याने हे विचारलं नव्हतं. सासूने तर नाहीच. ती बाळंतपणात खाटेवर पडलेली असताना सुईणीनेही नाही. पंचाहत्तर वर्षांत हा प्रश्न तिच्यासमोर पहिल्यांदाच आला होता, आणि गंमत म्हणजे उत्तर मात्र तयार होतं.

"दोन," ती म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग एकदम बोटं मोजली. "अगं आई गं! तुझा बाप सहावा! मग तू न्हाईसच की!"

तिघी इतक्या हसल्या की आतून युवराज काय झालं म्हणून बघायला आला. हसता हसताच म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. गेलेली चारही तिला पुन्हा आठवली होती. तेजस्वीने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

डोळे पुसून अंबुबाई म्हणाली, "चार वर्षं तुला पाळणा दाखवायलोय, पर विचारलो न्हाय कधी. तुला किती पायजेत गं?"

"एक."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग एक," म्हातारी म्हणाली आणि तिने वरवंट्याचं टोपडं काढलं.

ओवी इतका वेळ पाळण्याची साखळी धरून उभी होती. "पणजी, आता हा रिकामाच राहणार? मग हलवायचा नाही?"

"तू बस की."

ओवी चढून बसली. गुडघे हनुवटीला टेकले, पाय बाहेर लोंबकळले, पण पाळणा भरला. अंबुबाईने झोका दिला आणि कितीतरी वेळ देत राहिली.

पाळणा टिळकवाडीतच राहिला. दुपारच्या बसने अंबुबाई वरवंटा मांडीवर घेऊन कडोलीला परतली आणि पदर खोचून थेट पाट्यावर बसली. तिन्हीसांजेला भावकू रानातून आला तर ताटात खरडलेली चटणी. पहिला घास घेऊन त्याने डोळे मिटले.

मग म्हणाला, "आई, तेजू काय म्हणाली?"

"एक म्हणाली," अंबुबाई भाकरी वाढत म्हणाली. "विचारलो मी तिला."