दुसरं घड्याळ

शिकवणीवाल्या बाईंच्या इंग्रजीच्या वर्गात खरा भाव होता तो फिटरकाकांना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला. सगळी हयात कारखान्यात गेली, इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. पण अनेकवचनाचा धडा त्यांच्यावाचून अडायचा. समोर पॅकिंग खात्यातल्या बायका बसलेल्या. बाई एक कप उचलून म्हणायच्या, "कप." की स्वयंपाकघराच्या दारातून काका दुसरा कप मिरवत यायचे आणि बायका ओरडायच्या, "कप्स!"

"एकटी वस्तू हिला बघवत नाही हो," काका म्हणायचे. "नाहीतर माझ्याशी कोण लग्न करतंय!"

"पुरे. चहा ठेवा जा," बाई डोळे वटारायच्या.

धड्याच्या आदल्या संध्याकाळी बाई वस्तू सांगायच्या आणि काका प्रत्येक वस्तूला तशीच दुसरी शोधून परडीत भरून ठेवायचे. "उद्या ब्रश, ग्लास, वॉच," असं बाईंनी सांगितलं, त्याच रात्री काका झोपेत गेले.

भेटायला आलेल्या माणसांच्या गर्दीत त्यांचं मनगटी घड्याळ दिसेनासं झालं. आंघोळीलाही न काढलेलं घड्याळ. बाईंना त्यांची तेवढीच आठवण हवी होती. कपाटं उपसली, गाद्या झटकल्या. शेवटी धाकट्या जावेला विचारून बसल्या, "तू तर नाही ना उचललंस?" जाऊ उठली. चपला घालून गेली ती गेलीच.

वर्गही बंद पडला. एक दिवस बायकाच येऊन थडकल्या. "बाई, खोक्यांवरचं वाचताना अडतंय. पुढचं शिकवा ना!" बाई नको नको म्हणेपर्यंत सतरंजी अंथरून झाली होती.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून उंच धरलं. "वॉच." आणि सवयीनं दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं.

बायकांच्या नजरा चुकवत त्या आत गेल्या. फळीवर ती परडी तशीच होती; तिला हात लावायचा धीरच झाला नव्हता. आत ब्रश होता, ग्लास होता आणि तळाशी रुमालात गुंडाळलेलं काकांचं घड्याळ. चालू होतं.

ते हातात घेऊन बाई कशाबशा दारापर्यंत आल्या. बायकांना दिसलं ते एवढंच, की दुसरं घड्याळ आलं. बाई पुन्हा शिकवायला लागल्या या आनंदात त्या एका सुरात ओरडल्या, "वॉचेस!"

बाई उंबऱ्यावरच बसल्या.

"माझ्या जावेला बोलवा गं कुणीतरी," त्या म्हणाल्या.