डाव्या हाताने जेवणारी पोरे

आमच्याकडे येणाऱ्या साप्ताहिकात टिळकवाडीतले एक वकील चित्रपटांची परीक्षणे लिहीत. कोर्टात त्यांचे कोणी ऐकत नसे, म्हणून न्यायनिवाडा इथे चाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी अनगोळच्या माळावर तंबूत एक रहस्यपट लागला. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याचा खून होतो आणि त्याचा शाळकरी सोबतीच खुनी शोधून काढतो. सगळा अंधार, धूर आणि भिंतींवर लांब सावल्या. आईबरोबर बायकांच्या बाजूला बसून मी तो पाहिला. मला फार आवडला. खुनी कोण ते शेवटपर्यंत कळले नाही.

रविवारी शहापुरातल्या आमच्या हातमागांजवळ बसून मी नेहमीप्रमाणे साप्ताहिक मोठ्याने वाचत होते. आप्पांना, म्हणजे वडिलांना, अक्षरओळख नव्हती. मी इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. सुताच्या कंट्रोलची, म्हणजे सरकारी वाटपाची, बातमी संपली आणि वकीलसाहेबांचे परीक्षण आले. चित्रपट भिकार, असे त्यांचे मत. का, तर त्यातले झाडून सारे विद्यार्थी पंगतीत डाव्या हाताने जेवतात! शाळेत आता हेच शिकवतात काय, असा त्यांचा सवाल होता.

माग थांबले. आप्पा म्हणाले, "उद्यापास्नं तुझी शाळा बंद."

"आप्पा, समदी उजव्या हातानंच जेवत हुती. आईला इचारा."

"व्हय, मीबी बघितलंय," आई म्हणाली.

"मग वकील खोटं लिवत्यात? छापून आलंय!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तंबूतला पडदा पातळ कापडाचा. चित्र मागूनही दिसायचे, फक्त उलटे. मागे तिकीट लागत नसे आणि विणकरांच्या मांडीला मांडी लावून बसावेही लागत नसे. संस्कृतीचे हे राखणदार पडद्यामागे उभे राहून फुकटात बघून आले होते! मी हे सांगितले तशी मागावरची माणसे खो खो हसली. आप्पा हसले नाहीत. छापील अक्षरापुढे पोटची पोर खोटी ठरली. त्या वकिलाइतकाच मला आप्पांचाही संताप आला. आठवडाभर मी घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसले.

पुढच्या रविवारी नवा अंक आला. सुताचा कोटा वाढणार असे बाजारात बोलत होते, त्यामुळे सगळे गोळा झाले. आप्पांनी अंक माझ्यापुढे धरला. "वाच गं."

मी हातातली कांडी खाली ठेवली नाही. "शाळा सोडलेल्या पोरीला कुठलं वाचाय येतंय, आप्पा? वकिलांस्नी बोलवा."

या वेळी कोणी हसले नाही. आप्पांनी अंक उलटसुलट करून पाहिला, बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिले आणि मग तो माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्या जा शाळंला. आता वाच."

मी सुताची बातमी वाचली. परीक्षणाच्या पानाने आईने चूल पेटवली.