खिळ्याला टांगलेला जॉब

त्याला सगळे पाठीमागे ‘कानस’ म्हणत आणि तोंडावर ‘काका’. कोणी केसभर चुकलं तरी तो घासल्याशिवाय सोडत नसे, म्हणून कानस. कारखान्यात चौदा लेथ होते. लिफ्टच्या चाकांत बसणाऱ्या लोखंडी पिना त्यांवर कातायच्या. बावीस वर्षं तो तिथे फोरमन होता.

फोरमन झाला त्याच दिवशी त्याला संडासामागच्या पाण्याच्या टाकीशी पिनांचा ढीग सापडला. सगळे बिघडलेले जॉब. आधीचा फोरमन आईमाईवरून बोलायचा, म्हणून माणसं बिघडलेला जॉब खिशात घालून संडासला जात आणि दोन्ही अर्थांनी हलकी होऊन येत. तीन पोती माल निघाला. कानसने कोणाला काही विचारलं नाही. दारासमोरच्या भिंतीत एक खिळा ठोकला. आठवड्याभरात त्याचाच एक जॉब कातताना बिघडला. तो तारेने बांधून त्याने खिळ्याला टांगला आणि चिठ्ठी लावली : ‘बोलत होतो. लक्ष नव्हतं.’

“ज्याचा जाईल त्याने स्वतः टांगायचा,” तो म्हणाला. “चिठ्ठीत कारण लिहायचं, रडगाणं नाही. चहा संपेपर्यंत पोटभर हसून घ्या. चहानंतर जो तोंड उघडेल, तो आठवडाभर मशीनखालचं तेल पुसेल.”

एवढंच त्याचं नेतृत्व. त्याला असं काही नाव असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण टाकीमागे पुन्हा काही सापडलं नाही.

मग मालकांचा भाचा शिकून आला. काय शिकून आला ते मालकांनाही धड सांगता येईना. भाचेसाहेबांनी जन्मात हातोडी धरली नव्हती, पण माणसं कशी धरून ठेवावीत यावर चार दिवसांचं शिबिर केलं होतं. आल्याआल्या भिंतीवर पाटी लागली : ‘आपण एक कुटुंब’. त्याच आठवड्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली.

कानसने हे घरी सांगितलं तेव्हा बायको भांडी पुसत होती. “कुटुंब म्हणे! मग सासूही दिली असेल की एखादी.”

“दिलीय ना. रोज सकाळी उभं करून टाळ्या वाजवायला लावते.”

टाळ्या खरंच होत्या. रोज दहा मिनिटं. कशाबद्दल ते विचारायचं नाही.

एक दिवस भाचेसाहेबांची नजर खिळ्यावर गेली. “काका, हे काय मेलेल्या उंदरासारखं टांगून ठेवलंय? पाहुणे काय म्हणतील? किती नकारात्मक!” जॉब भंगारात गेला आणि खिळ्यावर चौकट आली, ‘महिन्याचा तारा’. पहिला तारा ठरला स्टोअरकीपर. चौकट बाजारातून त्यानेच आणली होती.

दोन महिन्यांनी फळ्यावर अक्षरं उमटली : ‘बिघाड : शून्य’. भाचेसाहेबांनी डबल टाळ्या मागितल्या. चौदा लेथ, बोथट हत्यारं आणि बिघाड शून्य! शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. कानस तडक टाकीमागे गेला. अकरा जॉब होते.

एकेकाची कानउघाडणी करायची असं ठरवूनच तो परतला. आधी आणखी काय दडलंय ते बघायला जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला, नीट शून्यावर आणला आणि पाठवायला भरून ठेवलेली पेटी उघडून एकेक पीन मोजायला बसला. चाळीसच्या चाळीस पिना बारीक निघाल्या. नव्या ऑर्डरचं सेटिंग तोच लावायचा. हेही त्यानेच लावलं होतं, मायक्रोमीटर शून्यावर आहे का हे न बघता. टाळ्यांना बोलावलं होतं, घाई होती. पण घाईचं कारण सांगणाऱ्याला बावीस वर्षं त्यानेच धारेवर धरलं होतं.

तो वर भाचेसाहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं.

“कोणाला कळलंय?” त्यांनी विचारलं.

“मला.”

“मग झालं तर. लिफ्ट काय उद्या पडणार आहे?”

“उद्या नाही. आधी आवाज येईल. पुढचं वर्षभराने.”

“वर्षाने बघू. काका, माल योग्य आहे म्हणून कागदावर तुमची सही लागते, उद्या सकाळी तेवढी करा. आणि गोड बातमी म्हणजे या महिन्याचे तारे तुम्हीच. फोटो आलाय.”

म्हणजे सही केली तर तारा, नाही केली तर खुर्ची गेली. न समजण्याइतका तो भोळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी टाळ्यांच्या वेळी भिंतीवर त्याचा फोटो होता, केस विंचरलेला, ओळखू न येणारा. कानस पुढे झाला. चौकट उतरवून भाचेसाहेबांच्या हातात दिली. खिशातून पीन काढून तारेने खिळ्याला टांगली आणि चिठ्ठी वाचून दाखवली : “चाळीस जॉब. मायक्रोमीटर शून्यावर न बघता सेटिंग. फोरमन. सही करणार नाही.”

मग ज्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत तो कातारी बोलला, “काका, हसायचं का? अजून चहा संपलेला नाही.”

“मग आत्ताच हसून घे.”

रेडिओ हसला नाही. तो संडासामागे गेला आणि आपला जॉब घेऊन आला. दुपारपर्यंत खिळ्याखाली नऊ जमले. अकरापैकी नऊ. उरलेल्या दोघांना अजून कुटुंबाची भीती होती.

नऊ मशीनवाल्यांनी कबूल केल्यावर पेटी पाठवायची भाचेसाहेबांची छाती झाली नाही. माल पुन्हा कातला गेला. कानसचं फोरमनपद मात्र गेलं. निवृत्तीपर्यंत उरलेली दीड वर्षं त्याला कोपऱ्यातला जुना लेथ मिळाला, आणि फोरमन झाला स्टोअरकीपर, ज्याला मायक्रोमीटर कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही. खिळाही उपटला. भिंतीला पडलेलं भोक झाकायला तिथे ‘मोकळेपणाने बोला’ अशी पाटी आली.

“बरं झालं,” बायको म्हणाली. “आता टाळ्या मागच्या रांगेत उभं राहून वाजवा.”

महिन्याभराने सकाळी रेडिओ कोपऱ्यातल्या लेथपाशी आला. हातात चरे पडलेली पीन. नव्या फोरमनच्या टेबलाकडे त्याने पाहिलंही नाही. कानसच्या मशीनवरच्या दिव्याच्या मानेला तारेने पीन बांधली आणि हसण्याची वाट बघत उभा राहिला.

कानसने मशीन थांबवलं. “चिठ्ठी?”

“लिहितो की नंतर.”

“आधी लिही,” कानस म्हणाला. “मग हसतो.”