"गाठ दुखत न्हाय की, मॅडम!"

दवाखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात: औषधांची सॅम्पलं आणि पेशंटचे किस्से. सॅम्पलं निदान एक्स्पायर तरी होतात! सोलापुरात इतकी वर्षं प्रॅक्टिस करतेय, नुसत्या गाठींवरच अख्खी संध्याकाळ निघेल.

*

मोहोळचे एक आजोबा. पायात काटा मोडला, पाय पिकला आणि जांघेत गाठ आली. आपल्याकडे त्याला अवधान म्हणतात. आजोबांनी त्यावर बिब्बा लावला. कातडी भाजून हे मोठ्ठाले फोड आले, तेव्हा स्वारी माझ्याकडे.

"आजोबा, गाठ कुठाय?"

"गाठ? ती कवाच गेली की! बिब्ब्याचं बगा!"

*

कॉलेजातली मुलगी. घसा लाल, जबड्याखाली गाठ. मऊ, दाबली की दुखणारी, बोटाखाली सरकणारी. म्हटलं, "घसा बरा झाला की दोन-तीन आठवड्यांत उतरेल. नाही उतरली तर ये. पण सारखी दाबू नकोस."

"सारखी कुठे दाबते, मॅडम? फक्त रील बदललं की!"

*

एक शिक्षिका मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या मानेवर, केसांखाली बारीक गाठी. बाईंनी नेटवर नको ते वाचून रडून घेतलेलं. मी केस बाजूला केले.

"काळजी नको. उवा आहेत. खाजवून जखमा झाल्यात, म्हणून गाठी."

बाई ताडकन उठल्या. "उवा? आमच्या घरात? नीट बघा हो, दुसरं काहीतरी असेल!"

*

रफीकभाईंची गाठ बघून मात्र माझं हसू पळालं. धिप्पाड ट्रक ड्रायव्हर, पण शर्ट अंगावर लोंबायला लागलेला. संध्याकाळी ताप. गळ्याच्या हाडावर टणक गाठ, कित्येक महिने वाढत चाललेली.

"दुखत न्हाय की, मॅडम!"

"म्हणूनच भीती वाटते, रफीकभाई. टीबी असेल, नाहीतर कॅन्सर. गाठीत सुई घालून तपासायला हवं."

सुई म्हटल्यावर गडी उठलाच. "टेंभुर्णीला माल टाकून येतो."

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, नसीमाभाभींनी, ट्रकची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "पैले सुई, बाद में टेंभुर्णी!"

रिपोर्ट येईपर्यंत भाभींचा रोज फोन. दोन मुली अजून शाळेत. फोन वाजला की मलाच धडकी भरायची.

रिपोर्ट आला. टीबी! म्हटलं, "गोळ्या काही महिने न चुकता घ्यायच्या, मधे सोडायच्या नाहीत. बरे होतील." भाभी खुर्चीतच हमसून हमसून रडल्या. मग डोळे पुसून बाहेर गेल्या आणि थोड्या वेळाने पेढ्यांचा बॉक्स घेऊन परत आल्या. वेटिंगमधल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा!

कोपऱ्यातल्या एका आजींनी पेढा तोंडात टाकला आणि कौतुकानं विचारलं, "पोरगा का पोरगी गं?"

"आमच्या ह्यांना टीबी निघाला, आजी! नुसता टीबी!"