उंचीप्रमाणे रांग

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या जुन्या तायक्वांदो क्लासच्या मेळाव्याला गेले होते. ग्रुप फोटोआधीच उठून घरी आले. का, ते सांगते.

ऐंशीच्या दशकात इथे नागपुरात शाळेच्या ग्राउंडवर आमचा क्लास भरायचा. नियम कोरियातून आलेला होता. ज्याचा बेल्ट वरचा तो रांगेत पुढे, आणि खालच्या बेल्टवाल्यांनी त्याला वाकून नमस्कार करायचा. मी बौद्ध वस्तीतली. माझा बेल्ट निळा, क्लासमधला सगळ्यांत वरचा, म्हणून सगळ्यांत पुढे मी.

मग एका नव्या पोराचे वडील आले. सरांना म्हणाले, "माह्या पोरानं त्या वस्तीतल्या पोरीपुढे काहून वाकावं?"

दुसऱ्या दिवशी सर आम्हाला म्हणाले, "आजपासून उंचीप्रमाणे उभे राहा गा. उंच पुढे, बुटके मागे." मी सगळ्यांत बुटकी. बेल्ट कमरेला तसाच होता, पण नमस्कार आता फक्त सरांना उरला.

आज तोच पोरगा प्रमुख पाहुणा होता. माइकवर म्हणाला, "तायक्वांदोत जात नाही, बेल्ट पाहतात." टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

नंतर फोटोवाल्याने विचारलं, कसं उभं करू सगळ्यांना? सर आता थकलेत. खुर्चीतूनच सवयीने म्हणाले, "उंचीप्रमाणे."

मी चप्पल घातली आणि निघाले. सरांना रांग आठवते, तिचं कारण आठवत नाही.

तुमच्या शाळेत, क्लासमध्ये कोणाकोणाची उंची अशी मोजली गेली?